डोंगरी तालुक्यांना कोणते श्वसनयंत्र हवे?

कोरोनाच्या साथीपूर्वी 'व्हेंटिलेटर' हा शब्द मोठ्या रुग्णालयांतील काचेच्या दाराआड राहणारा होता. २०२० साली तो घरोघरी पोहोचला. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने पीएम केअर्स निधीतून ५०,००० देशी बनावटीच्या व्हेंटिलेटरांसाठी सुमारे २,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. एका यंत्रामागे सरासरी ४ लाख रुपये असा त्याचा अर्थ होतो. तेव्हापासून श्वसनयंत्रांचा विचार नगांच्या हिशेबाने करण्याची सवय आपल्याला जडली आहे. कोणत्या जिल्ह्याला किती आली, त्यांपैकी चालू किती, बंद किती, एवढ्यावर चर्चा सुरू होते आणि तेथेच संपते. साथीच्या दिवसांत हा हिशेब आवश्यकच होता. परंतु पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भोर आणि वेल्हे या तालुक्यांपुढचा प्रश्न अशा हिशेबाने सुटणारा नाही. (यांपैकी वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या मार्चमध्ये घेतला, येथे जुनेच नाव वापरले आहे.) या तालुक्यांत श्वसनयंत्राची गरज खाटेशेजारी जितकी असते त्याहून अधिक रस्त्यावर असते, आणि रस्त्यावर चालणारे यंत्र ही अगदी निराळी वस्तू आहे.

हे स्पष्ट होण्यासाठी येथील पावसाळ्याकडे पाहिले पाहिजे. तोरणा, राजगड, रायरेश्वर यांच्या कुशीतील हा मुलूख भाताचा आहे. आषाढात लावणी सुरू झाली की माणसे दिवसभर खाचरात राबतात आणि रात्री घरात किंवा पडवीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. याच दिवसांत बिळात पाणी शिरल्यामुळे साप बाहेर पडलेले असतात आणि उंदरांच्या मागावर घरात येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांपैकी घोणस आणि फुरसे यांचे विष मुख्यतः रक्तावर परिणाम करते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांचा संबंध तोडते. मण्यार बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी सूज नसते, वेदना जवळजवळ नसते, खूण शोधूनही सापडेल याची खात्री नसते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, बोबडी वळते. घरच्यांना वाटते अपचन झाले किंवा रात्रीची झोप उतरली नाही. मग छातीचे स्नायू आणि श्वासपटल हळूहळू थकत जातात आणि श्वास थांबतो.

या मरणातील विलक्षण गोष्ट अशी, की त्या माणसाचे फुफ्फुस धडधाकट असते. हृदय चालू असते, मेंदू शाबूत असतो. डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, म्हणून तो बेशुद्ध किंवा मेलेला वाटतो. परंतु पुष्कळदा भोवतालची माणसे काय बोलत आहेत हे त्याला ऐकू येत असते. त्याला हवी असते ती फक्त भात्यासारखी आत-बाहेर होणारी हवा. नागाच्या विषाचा परिणाम प्रतिविषाने आणि निओस्टिग्मिनसारख्या औषधाने बऱ्याच अंशी मागे हटवता येतो. मण्यारीचे विष मात्र मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते. एकदा ती इजा झाली की नंतर दिलेले प्रतिविष ती भरून काढू शकत नाही. ती टोके पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे काही दिवस, कोणीतरी त्याच्या वतीने श्वास घ्यावा लागतो. तो घेतला गेला, तर असा रुग्ण चालत घरी जातो. प्रतिविष लवकर मिळण्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. परंतु प्रतिविष हातात असूनही रुग्ण दगावू शकतो, ही गोष्ट आपल्या चर्चेत क्वचितच येते.

देशभरात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा २००० ते २०१९ या काळाबद्दलचा शास्त्रीय अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांत केला, आणि केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केलेल्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट चांगले आहे. आता त्याचा मेळ रस्त्याशी घालून पाहू.

वेल्ह्याहून पुण्याला यायचे तर मार्गासनी, नसरापूर करीत चेलाडीच्या फाट्यावर महामार्ग गाठावा लागतो, आणि पुढे खेड शिवापूर, कात्रज. अंतर ६० किलोमीटरांच्या आसपास. भोरचा मार्ग कापूरव्होळवरून. पण हे हिशेब तालुक्याच्या गावापासूनचे झाले. केळदच्या बाजूची किंवा भोरच्या पश्चिमेस हिर्डोशी खोऱ्यातील वाडी धरली, भर पावसातली रात्र धरली, तर दोन-अडीच तास हा उदार अंदाज म्हणावा लागेल. वरंधा घाटातून पलीकडे महाडला जाण्याची वाट पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवावी लागते. श्वास थांबलेल्या माणसाजवळ मात्र चार-पाच मिनिटे असतात.

येथे १९५२ सालच्या कोपनहेगनची आठवण करून देणे अस्थानी होणार नाही. त्या वर्षी तेथे पोलिओची भयंकर साथ आली होती. पोलिओतही श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, फुफ्फुस आरंभी निरोगी असते. म्हणजे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा रुग्ण आणि मण्यारीचा रुग्ण सख्खे भाऊच. तोवर उपाय होता तो 'लोखंडी फुफ्फुसा'चा. १९२८ साली अमेरिकेत बोस्टन येथे ड्रिंकर आणि शॉ यांनी तयार केलेल्या या पिंपात रुग्णाला मानेपर्यंत ठेवीत आणि पिंपातील दाब कमी-जास्त करून छाती फुगवीत. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात अशी यंत्रे मोजकीच होती, आणि त्यांचाही उपयोग फारसा होत नव्हता: साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातील पद्धत वॉर्डात आणली. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा थेट आत सोडायची. यंत्रे नव्हतीच, म्हणून वैद्यकाचे विद्यार्थी बोलावले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, पिशव्या दाबल्या; साथीच्या भरात एका वेळी ७० रुग्ण असे हातांच्या श्वासावर होते. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून जन्मला असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. पुढे काही वर्षांतच आपोआप फुगणारी पिशवी डेन्मार्कमध्येच तयार झाली. 'अँबू बॅग' या नावाने आज ती जगभर वापरली जाते.

त्या विद्यार्थ्यांना जे करावे लागत होते त्यात शक्ती किती होती? हिशेब कुतूहलाचा आहे. प्रौढ माणसाचा एक श्वास साधारण ५०० मिलिलिटर. तो आत ढकलण्यासाठी २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब धरला (निरोगी फुफ्फुसाला त्याहून कमीच लागतो), तर एका श्वासाचे कार्य सुमारे एक ज्यूल भरते. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली जमिनीपासून दहा सेंटिमीटर उचलायला इतकेच कार्य लागते. मिनिटाला १५ श्वास म्हणजे पाव वॅट. हातातल्या विजेरीचा दिवाही याहून अधिक शक्ती खातो. माणूस जिवंत ठेवण्यासाठी लागणारी शक्ती इतकी क्षुल्लक आहे, हे पाहून यंत्र अगदी सोपे असले पाहिजे असा समज होतो. २०२० साली तो अनेकांचा झाला.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये महिंद्र कंपनीने, कांदिवली आणि इगतपुरी येथील आपल्या अभियंत्यांच्या हातून, अँबू बॅग यांत्रिक हाताने दाबणारा एक नमुना तयार करून दाखवला. किंमत ७,५०० रुपयांहून कमी पडेल असा अंदाज होता. हा तात्पुरता आधार आहे असे त्यांनी स्वतःच सांगितले होते, ही प्रामाणिकपणाची गोष्ट. देशोदेशीच्या महाविद्यालयांत त्याच कल्पनेच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. मोटर, कॅम आणि दोन फळ्या एवढ्यावर यंत्र उभे राही. परंतु मिनिटाला १५ वेळा दाबली जाणारी पिशवी दिवसाला २१,६०० वेळा दाबली जाते, आणि ती मुळात काही मिनिटांच्या, फार तर काही तासांच्या कामासाठी घडवलेली असते. शिवाय पिशवी किती दबली हे यंत्राला कळते. फुफ्फुसात किती गेले आणि परत किती आले हे कळत नाही. मास्क सैल झाला, नळी निसटली, तरी फळ्या इमानाने दाबत राहतात.

पुण्यातच त्या वेळी एक वेगळा प्रयत्न झाला. सौर पॅनेल पाण्याशिवाय स्वच्छ करणारे यंत्रमानव बनवणाऱ्या नोका रोबोटिक्स या लहानशा कंपनीतील तरुण अभियंत्यांनी आयआयटी कानपूरच्या मार्गदर्शनाखाली व्हेंटिलेटर हाती घेतला. ड्रोनमध्ये वापरले जाणारे लहान दाबमापक जुळवून त्यांनी नमुना तयार केला आणि कृत्रिम फुफ्फुसावर त्याच्या चाचण्या केल्या. पुढे त्यांचे यंत्र रुग्णालयांत पोहोचले. या प्रयत्नावर श्रीकांत शास्त्री आणि अमिताभ बंद्योपाध्याय यांनी पुस्तकही लिहिले आहे. पंचविशीतल्या मुलांनी पहिल्यापासून मापन आणि नियंत्रण यांना यंत्राचा गाभा मानले, हे मला त्या सगळ्या धावपळीपेक्षा महत्त्वाचे वाटते. कारण अवघड आहे ते नेमके तेच. अधिक हवा दिली की अधिक चांगले, असे नसते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, इजा झालेल्या फुफ्फुसांना वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटरांचा श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. यंत्राने दिलेला श्वासच फुफ्फुस फाडू शकतो, हे त्याने निर्विवाद दाखवले.

मग रस्त्यावरच्या यंत्राला काय काय साधावे लागते? पहिला प्रश्न ते कशावर चालणार हा. जुनी फिरती यंत्रे सिलिंडरमधील प्राणवायूच्या दाबावरच चालत. अमेरिकन अभियंता फॉरेस्ट बर्ड याने १९५०च्या दशकात घडवलेली हिरवट खोकी या जातीची. वीज नको, स्प्रिंग, चुंबक आणि पडदे यांवर सारे काम. पण त्यांची भूक मोठी. आपल्याकडील 'बी' प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू मावतो. दर मिनिटाला साडेसात लिटर प्रमाणे तो काटकसरीनेही २०० मिनिटे पुरेल. निम्मा भरलेला असेल, जोडणी थोडी गळत असेल, तर कात्रजचा घाट उतरण्याआधी काटा शून्यावर. याउलट आताची टर्बाइनची यंत्रे भोवतालची हवा घेतात. मुठीएवढ्या डबीत एक हलके चक्र मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरते, श्वास देताना वेग वाढतो, सोडताना उतरतो, आणि हे सेकंदाच्या एका अंशात व्हावे म्हणून चक्राचे वजन ग्रॅमात मोजावे लागते. मण्यारीच्या रुग्णाचे फुफ्फुस निरोगी असल्यामुळे त्याला साध्या हवेने पुष्कळ वेळ निभावता येते. प्राणवायू थोडा मिसळला की सिलिंडर कितीतरी तास पुरतो. डोंगरी तालुक्याला टर्बाइनचे यंत्र हवे ते या कारणाने.

टर्बाइनला मात्र बॅटरी लागते. श्वासाचे कार्य पाव वॅट असले तरी चक्र वेगात ठेवणे, मापके, पडदा, इशारे हे सारे मिळून खर्च त्याच्या कित्येक पटींनी होतो. आणि बॅटरी हा असा भाग आहे, की न वापरताही तो म्हातारा होतो. दोन वर्षे कपाटात राहिलेल्या यंत्राच्या पडद्यावर बॅटरी पूर्ण भरल्याची खूण दिसते आणि ते वीस मिनिटांत मान टाकते. हे कळण्याचा मार्ग एकच, महिन्यातून एकदा यंत्र कृत्रिम फुफ्फुसाला जोडून बॅटरी संपेपर्यंत चालवणे आणि घड्याळ पाहून वेळ नोंदवणे.

त्याहून नाजूक गोष्ट इशाऱ्याची. साथीतील पुष्कळ रुग्ण स्वतः श्वास घेण्याची धडपड करीत असत आणि त्या धडपडीशी जुळवून घेणे हे त्या महागड्या यंत्रांचे मोठे कौशल्य होते. लुळ्या पडलेल्या रुग्णापाशी त्या कौशल्याला काम नाही. येथे नळी निसटली तर रुग्ण हातपाय झाडत नाही, खोकत नाही, चेहराही बदलत नाही. दाब चढला नाही हे दोन श्वासांच्या आत ओळखून यंत्राने ओरडले पाहिजे, आणि ते ओरडणे सायरन, पाऊस आणि डिझेल इंजिन यांवर मात करून ऐकू आले पाहिजे, दिसलेही पाहिजे. खड्ड्यातल्या धक्क्याने दाबमापक फसू नये, पावसाळी दमटपणाने मापनाच्या बारीक नळ्यांत थेंब साचू नयेत, यंत्र एका हाताने उचलता यावे. आंतरराष्ट्रीय मानकांत अतिदक्षता विभागातील यंत्र आणि आपत्कालीन वाहतुकीतील यंत्र यांना स्वतंत्र मानके आहेत ती उगाच नव्हे. आपल्या खरेदीत मात्र दोन्हींना पुष्कळदा एकच शब्द वापरला जातो.

राज्यात २०१४ साली '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या, म्हणजे श्वसनयंत्रासह, आणि उरलेल्या ७०४ प्राथमिक प्रकारच्या. गाडीत डॉक्टर असतो, ही आपल्या सेवेची मोठी जमेची बाजू. पण या प्रमाणावरूनच दिसते की रात्री दुर्गम वाडीवर पोहोचेल ती गाडी बहुधा यंत्राविनाच असेल. तेथे कोपनहेगनचा विद्यार्थीच पुन्हा आठवतो. अँबू बॅग सगळीकडे असू शकते. ती दाबणारा हात शिकलेला हवा. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवणे, हनुवटी उचलून वाट मोकळी ठेवणे, घाईने दाबून पोटात हवा न भरणे, दर चार-पाच सेकंदांनी एक श्वास, आणि हे एकट्याने तासभर न करता दोघांनी आळीपाळीने करणे: एका दिवसाच्या शिबिरात, रबरी पुतळ्यावर, हे शिकवता येते. रुग्णवाहिकेचा चालक, आशा कार्यकर्ती, आरोग्यसेवक आणि गावातला शिक्षक यांना ते का शिकवू नये? डॉक्टरांचे काम दुसऱ्याला सोपवण्याचा हा प्रकार आहे, असा आक्षेप येईल. डॉक्टर नळी घालत असताना, लस तयार करीत असताना, पिशवी दाबायला कोणीतरी लागतेच. आणि गाडी येईपर्यंत तर डॉक्टर तेथे नसतोच.

याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील नारायणगावी, डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये हा ध्यास घेऊन वर्षानुवर्षे काम केले आहे. वरंधा घाटाच्या पलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील उपचारांचे संशोधन खेड्यातील रुग्णांवर उपचार करता करता केले आणि ते जगाने स्वीकारले. तेव्हा ग्रामीण भागात हे जमणार नाही, असे निदान या मुलखात तरी कोणी म्हणू नये.

उरला प्रश्न देखभालीचा, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. २०२१ च्या मे महिन्यात मराठवाड्यातील रुग्णालयांना मिळालेल्या व्हेंटिलेटरांच्या नादुरुस्तीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गाजले. रुग्णालयाचे म्हणणे यंत्रे सदोष आहेत. केंद्राच्या आरोग्य खात्याचे म्हणणे, जोडणीची व्यवस्था आणि वापर बरोबर नव्हता. त्या वादात कोण किती बरोबर होते हे बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उघड झाली: यंत्र ठीक आहे की नाही हे जागेवर, तटस्थपणे, मोजून सांगणारा माणूस तेथे असता तर असा वाद न्यायालयापर्यंत जायला नको होता. हे मोजमाप फार गहन नाही. ठराविक ताठरपणाचा भाता, दाबमापक, प्रवाहमापक आणि घड्याळ एवढ्यावर यंत्राने ठरवलेले ५०० मिलिलिटर दिले की साडेतीनशे, हे तपासता येते. भोर तालुक्यात धांगवडी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यंत्र शाखेचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी प्रकल्प करतातच, आणि त्यांतील कित्येक प्रकल्प परीक्षेनंतर धूळ खात पडतात. दोन्ही तालुक्यांतील श्वसनयंत्रांची आणि अँबू बॅगांच्या झडपांची तपासणी, जाणकार जैववैद्यकीय अभियंत्याच्या देखरेखीखाली, या विद्यार्थ्यांनी दरवर्षी करावी. दुरुस्ती त्यांनी करू नये. ते परवानाधारकाचे काम. त्यांनी मोजावे, नोंदवावे आणि नोंद तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावी.

ही तपासणी भातलावणीच्या आधी, म्हणजे मे अखेरीस पुरी व्हावी. नोंदवहीत प्रत्येक यंत्रापुढे चारच रकाने पुरेत: बॅटरी किती मिनिटे चालली, श्वास किती मिलिलिटरांचा निघाला, नळी काढल्यावर किती सेकंदांनी इशारा झाला, आणि पिशवी दाबायला शिकलेली माणसे त्या केंद्रावर कोण कोण आहेत. बॅटरीच्या रकान्यात १५० हून कमी आकडा असेल, तर ते यंत्र केळदच्या वाटेवर पाठवू नये. तालुक्याच्या रुग्णालयात भिंतीतल्या विजेवर ठेवावे आणि नवी बॅटरी मागवावी.